आमच्या आवाजाला कुणाचा घुमट?

पहिल्यांदाच सांगून टाकतो. माझी आत्या गेली आणि तिचा आवाज माझ्याकडं नाही. गाणं आहे. आवाज नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये गोदीतून आठ दिवसांची रजा काढून सोलापूरला आलो होतो. चवदार तळ्यावर मी एक गाणं लिहिलं होतं. आत्यानं ते दोन दिवसांत तोंडपाठ केलं. आत्या बिड्या वळायची. चाळीस वर्षं तंबाखूची धूळ नाकातोंडात गेलेली. आवाज फाटका, खरबरीत. पण ती वरच्या पट्टीत गेली की गल्लीतली माणसं हातातलं काम ठेवायची. पोरं म्हणाली, चौदा एप्रिलला हे गाणं वाजलंच पाहिजे. वर्गणी काढली, तीन हजार जमले, आणि शहरातल्या एका स्टुडिओत गेलो. नाव घेत नाही. एकाचं नाव घेऊन काय करायचं, बहुतेक ठिकाणी हेच चालतं.

आत्या काचेच्या खोलीत दीड तास उभी होती. त्यातला अर्धा तास एका शब्दात गेला. ती म्हणायची 'पानी'. तो म्हणायचा, मावशी, 'पाणी' म्हणा. शेवटी तिनं 'पाणी' म्हटलं. चौथ्या दिवशी गाणं मोबाईलवर आलं. आत्यानं दोन्ही हातांनी फोन कानाला लावून ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, ''ब्येस झालंय. पर ही कोण बाई गातीया?''

पोरं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

आवाज गुळगुळीत झाला होता. फाटकेपणा इस्त्री फिरवून काढला होता. आणि मागं एवढा मोठा घुमट लावला होता की ज्या 'पाणी'साठी अर्धा तास घालवला, ते 'णी... णी... णी' करत कुठंतरी विरून जात होतं. २० मार्च १९२७ ला ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, तोच शब्द गाण्यात ऐकू येईना.

श्रावणात आत्या गेली. मी स्टुडिओवाल्याकडं गेलो. म्हटलं, तिचा नुसता आवाज द्या, काही न लावलेला. तो म्हणाला, डिस्क भरली होती, पुसून टाकलं. त्याला काय बोलणार? मी आधी मागितलाच नव्हता. कोरडा आवाज ही वेगळी वस्तू असते, ती मागून घ्यायची असते, हेच मला माहीत नव्हतं. आता माझ्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवरचा तिचा एक निरोप आहे, बावीस सेकंदांचा. शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट आहे आणि त्यात ती सांगते की येताना खोबरेल तेलाची बाटली आण. तेवढी आत्या शिल्लक आहे.

हा लेख रडायला लिहीत नाही. भांडायला लिहितोय.

आपल्यात दोन गट पडलेत. वडीलधारे म्हणतात, एको, ऑटोट्यून ही सगळी थेरं आहेत, शाहिराला डफ पुरे. पोरं म्हणतात, जमाना बदलला, आवाज 'प्रोफेशनल' पाहिजे. मला दोन्ही गट पटत नाहीत. वडीलधाऱ्यांना विचारतो, शाहीर अमर शेख आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला, तो गळ्याच्या जोरावर आणि लाऊडस्पीकरच्याही. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. त्यांचा आवाज वस्तीवस्तीत पोचवला तो कॅसेटनं. तबकडीच्या काळात मोठ्या कंपनीचं दार उघडलं तरच माणूस आत जायचा. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ते दार मोडलं. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागायचे ते काय यंत्राशिवाय? आणि आता औरंगाबादच्या कडूबाई खरात. हातात एकतारी, समोर कुणाचातरी मोबाईल. त्या मोबाईलवरून त्या घराघरात गेल्या. यंत्र आपल्याला बाटवत नाही. यंत्राला जात नसते. यंत्र चालवणाऱ्याच्या कानाला मात्र असते.

म्हणून पोरांनाही विचारतो. 'प्रोफेशनल' म्हणजे कुणासारखं?

दोस्तांनो, आधी एको म्हणजे काय ते बघू. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिध्वनीचा धडा होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपटून परत आलेला आवाज वेगळा ऐकू यायला एक-दशांश सेकंद लागतो. म्हणजे समोरची भिंत निदान १७ मीटर लांब पाहिजे. मास्तरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि मी मनातल्या मनात आमची खोली मोजली. दहा बाय बारा फूट. वर पत्रा. आमच्या घरात प्रतिध्वनीलाही जागा नव्हती.

त्याच वर्षी सहल विजापूरला गेली. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. गोलघुमटाच्या वरच्या सज्जात उभं राहून हाक मारली की ती सात-सात वेळा परत येते. पोरं किंचाळत होती. मी माझं नाव घेतलं आणि गप्प उभा राहिलो. खाली महंमद आदिलशहाची कबर. मेलेल्या राजाला एवढी जागा, आणि आम्ही सहा जित्ती माणसं दहा बाय बारात.

पुढं मुंबईला गोदीत लागलो. रिकाम्या जहाजाच्या हॅचमध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा वरून मुकादमानं हाक मारली. चारी बाजूंनी पोलाद. ती हाक पायाखालून आल्यासारखी वाटली. मी ओ दिली, तर माझा आवाज माझ्यापेक्षा मोठा होऊन परत आला. दुपारच्या सुट्टीत मी तिथंच एक गाणं म्हणून बघितलं. मी एवढा मोठा आहे हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

एको म्हणजे आवाजाची सुटी ऐकू येणारी प्रत. रिव्हर्ब म्हणजे अशा हजारो प्रती एकमेकींवर चढून लांबलेली शेपूट. दोन्हीतून कान एकच गोष्ट ओळखतो, हा माणूस केवढ्या जागेत उभा आहे. एफेक्ट लावणं म्हणजे गाणाऱ्याला जागा देणं. आणि जागा म्हटलं की आपल्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. गावकुसाबाहेर कोण होतं? देवळाच्या घुमटाखाली कुणाचा आवाज घुमला आणि पायरीखाली कोण उभं राहिलं? हा सगळा जागेचाच इतिहास आहे.

ऑडॅसिटी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. सन २००० पासून फुकट मिळतं. त्यात रिव्हर्बच्या तयार जागांची यादी आहे. लहान खोली, मोठी खोली, बाथरूम, चर्च हॉल, कॅथेड्रल, मोठी गुहा. ज्यांनी यादी केली त्यांनी त्यांच्या ओळखीच्या जागा घातल्या. त्यांचा दोष नाही. पण बुधवार पेठेतली बाई कॅथेड्रलमध्ये उभी करायची तर तिला विचारलं तरी पाहिजे. चाळीचा जिना त्या यादीत नाही. पत्र्याची खोली नाही. विहार नाही.

गुहा मात्र आहे. ती बघून मी थांबलो. कार्ल्याचं चैत्य सुमारे १२४ फूट लांब, अखंड दगडात कोरलेलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथं एकदा बुद्धवंदना म्हणून बघा. शब्द संपतो आणि दगड तो धरून ठेवतो. घुमट ही काय फक्त देवळाची आणि राजाची मिरास नाही. आमच्या पूर्वजांनी छिन्नीनं घुमणारी जागा कोरून ठेवली आहे. मग तीच घ्यायची तर समजून घ्या. कुणाच्यातरी बोटानं यादीतलं पाचवं बटण दाबलं म्हणून नको.

आता पैशाचं. स्वस्तात हे होत नाही असं तुम्हाला जो सांगतो तो तुमच्या खिशात हात घालतोय. १९४७ ला शिकागोत बिल पुटनम या माणसानं एका गाण्याला एको दिला तो स्टुडिओच्या बाथरूममध्ये. तिथं स्पीकर ठेवला, माईक ठेवला, फरशीवरून आपटून आलेला आवाज घेतला. ते गाणं तुफान चाललं. आणि किंग टबी. जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या वॉटरहाऊस या गरीब वस्तीतला इलेक्ट्रिशियन. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा काळा माणूस. घरातच स्टुडिओ, चार ट्रॅकचं यंत्र, आणि गाणाऱ्याला उभं करायचं ते बाथरूममध्ये. तो आवाज काढून टाकायचा, परत आणायचा, एकोमध्ये एक शब्द सोडून द्यायचा. त्यातून 'डब' नावाचं नवं संगीत जन्मलं, आणि आज जगभरचे डीजे जे करतात त्याचं मूळ बरंचसं तिथं आहे. १९८९ ला त्याला घराबाहेर गोळ्या घातल्या. १९७२ ला आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून नाव घेतलं. या काळ्या इलेक्ट्रिशियनकडून कान घ्यायला काय हरकत आहे? टबी एको सगळीकडं फासत नव्हता. कुठला शब्द घुमवायचा हे तो ठरवायचा. तो मालक होता, यंत्र नोकर.

ऑटोट्यूनची गोष्ट वेगळी. अँडी हिल्डेब्रँड हा अमेरिकन माणूस तेलाच्या धंद्यात होता. जमिनीत हादरे पाठवायचे आणि परत आलेल्या लहरींवरून खाली तेल कुठं आहे ते शोधायचं, हे त्याचं गणित. तेच गणित त्यानं माणसाच्या गळ्याला लावलं. १९९७ ला ऑटोट्यून बाजारात आलं, १९९८ ला शेर या गायिकेच्या गाण्यानं ते जगभर गेलं. ते करतं काय? सप्तकाचे बारा कप्पे. तुमचा सूर कुठल्या कप्प्याजवळ आहे ते बघून त्यात ढकलतं. पेटीच्या पट्ट्या समजा. आत्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मधून जायचा, घसरत, चढत. ती पेटीवर शिकली नव्हती. जात्यावर शिकली होती. यंत्राला ती चूक वाटली. यंत्रानं तिला दुरुस्त केलं.

'पानी'चं 'पाणी' करणारा मास्तर आम्ही बघितलाय. वर्गात उभं करून वीस वेळा म्हणून घ्यायचा. च्यायला, तो मास्तर आता गळ्यात उतरून बसलाय आणि त्याला आम्हीच तीन हजार देतोय! शुद्धलेखन झालं, आता शुद्धगायन. एखादं पोरगं रॅप करताना मुद्दाम ऑटोट्यून लावतं, आवाजाचा मुखवटा करतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्यानं तो स्वतः निवडलाय. आत्याला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

या वर्षी फेब्रुवारीत आईला गायला बसवलं. घरातच. काय केलं ते सांगतो, कुणाच्यातरी कामाला येईल.

पॉवरलूमला सुट्टी असते तो दिवस धरला. पंखा बंद. पत्र्याची खोली आवाज चरचरीत करून अंगावर फेकते, म्हणून दोरीवर दोन वाकळा टांगल्या, एक आईच्या पाठीमागं, एक बाजूला. फोनच्या मागं सोलापुरी चादर चौपदरी करून लावली. स्टुडिओवाले भिंतीला फोम लावतात. सोलापूरच्या माणसानं फोम विकत घेतला तर त्याच्या आज्याला काय वाटेल! फोन विमान मोडवर टाकला आणि तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला ठेवला. कारण 'भीम' म्हणताना 'भ'चा वारा माईकवर आदळतो आणि धप्प आवाज येतो. भरतकामाच्या रिंगवर नायलॉनची जुनी ओढणी ताणून मधे धरली. आवाजाचा काटा लाल रंगाला शिवू दिला नाही. फाटून आलेला आवाज मागनं कुणालाच शिवता येत नाही. सुरुवातीला पाच सेकंद सगळे गप्प बसलो, नुसती खोली रेकॉर्ड केली. खरखर काढताना सॉफ्टवेअरला तो नमुना लागतो. फाईल वेव्ह प्रकारात घेतली, दाबलेली नाही.

आणि पुढचं काहीही करायच्या आधी ती कोरडी फाईल तीन ठिकाणी ठेवली. फोनमध्ये, पेनड्राईव्हवर आणि मुंबईच्या मित्राकडं. एफेक्ट कधीही लावता येतो. लावून पक्का केलेला काढता येत नाही. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

मग मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर बसलो. खरखर १२ डेसिबलपेक्षा जास्त काढली नाही, त्याच्या पुढं आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. ८० हर्ट्झच्या खालची गुरगुर कापली. कॉम्प्रेसर ३ ला १ ठेवला, म्हणजे आईची कुजबूज आणि आरोळी दोन्ही ऐकू येतात पण आरोळी कानात घुसत नाही.

एकोचं गणित सोपं आहे. ६०,००० ला गाण्याच्या वेगानं भागा. आमची हलगी मिनिटाला १०० ठोक्यांची होती, म्हणजे एका ठोक्याला ६०० मिलिसेकंद, अर्ध्याला ३००. तीनशेचा एको लावला तर तो हलगीत बसतो, ठोक्याशी भांडत नाही. तोही फक्त ध्रुपदाच्या शेवटच्या शब्दाला. कॅसेटच्या जमान्याची चव पाहिजे तर शंभरेक मिलिसेकंदांचा एकच फटका द्या.

सॉफ्टवेअरात 'कोरस' नावाचा एफेक्ट असतो. एकाच आवाजाच्या प्रती जरा मागंपुढं, जरा वरखाली सरकवून तो गर्दी आहे असं भासवतो. आपल्या जलशात झीलकरी होते. शेजारच्या दोन मावश्यांना बोलावलं. एक पट्टीच्या वर, एक जरा मागं. त्यांना चहा लागला.

रिव्हर्बसाठी विहारात गेलो. मधोमध फोन ठेवला आणि दहा पावलांवर उभं राहून एक फुगा फोडला. फुगा फुटतो तेव्हा सगळ्या उंचीचे सूर एकदम निघतात, आणि जागा त्यांना कसं परतवते ते रेकॉर्ड होतं. तो त्या जागेचा अंगठा समजा. ही फाईल काही सॉफ्टवेअरांत घालता येते, मग कुठलाही आवाज त्या जागेत गायल्यासारखा येतो. आम्ही रीपर वापरलं. ते ६० दिवस फुकट बघता येतं, पुढं ६० डॉलरचा परवाना आहे. आवाज आणि विहार यांच्यात ३० मिलिसेकंदांची फट ठेवली, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि जागा त्याच्या मागनं येते. विहार ऐकू यायला लागला की जरा कमी करायचा. बास.

शेवटी गाणं फोनच्या बारक्या स्पीकरवर ऐकलं, कारण निम्मी माणसं तिथंच ऐकणार. मग डीजेच्या बॉक्सवर. तिथं कळलं की मिरवणुकीसाठी रिव्हर्ब आणखी कमी पाहिजे. दोन्ही बाजूंच्या इमारती रस्त्यातच घुमट उभा करतात. त्यावर तुमचा घुमट चढवला की नुसता धुरळा. लोक नाचतील, पण बाबासाहेबांबद्दल काय म्हटलंय ते एकालाही सांगता येणार नाही. शब्द ऐकू न येणारं भीमगीत आणि कुठलंही दुसरं गाणं यात मग फरक काय राहिला?

सगळा खर्च रिंग, फुगे आणि चहा मिळून शंभरच्या आत. लॅपटॉप मित्राचा. ज्याच्याकडं लॅपटॉप नाही त्यानं बँडलॅब हे फुकट अ‍ॅप फोनवर घ्यावं. फुग्याचा खेळ सोडला तर बहुतेक सगळं त्यात भागतं.

आईनं गाणं ऐकलं. चष्मा नाकावर, फोन कानाला, अगदी आत्यासारखीच. मी घाबरून बघत होतो. म्हणाली, ''घसा बसलाय माजा.'' एवढंच. 'माजा' म्हणाली.

तिनंही 'पानी'च म्हटलंय. तसंच ठेवलंय.

आता मागणं. प्रत्येक वस्तीत चार-दोन म्हाताऱ्या बाया आहेत ज्यांना जात्यावरची, पाळण्यातली, भीमाची गाणी येतात. पुढच्या चौदा एप्रिलची वाट बघू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी जा. पंखा बंद करा, वाकळ टांगा, फोन वीतभर लांब ठेवा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. ती चुकली, खोकली, हसली, काही कापू नका. फाईल तीन ठिकाणी ठेवा. गाणं केव्हाही करता येईल. आणि आपापल्या विहारात एक फुगा फोडून ती फाईल एकमेकांना द्या. यादी आपण आपली करू.

आधी कोरडा आवाज. घुमटाचं नंतर बघू.

जय भीम.